शाळेतली मधपेटी: जूनच्या तयारीपासून उन्हाळी सुट्टीपर्यंत

शाळेत मधपेटी येते, पहिला आठवडा सगळी शाळा तिच्याभोवती असते आणि दिवाळीपर्यंत पेटी रिकामी झालेली असते. शाळांना पेट्या बसवून देताना हे मी वारंवार पाहिलं आहे. दर वेळी बोल माश्यांना लागतो: "टिकल्या नाहीत." बहुतेक ठिकाणी चूक तारखेची असते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणून प्रकल्पही जूनमध्ये सुरू होतो आणि उत्साहाच्या भरात पेटीही जूनमध्येच येते. सह्याद्रीच्या पट्ट्यात माश्यांचं वर्ष पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. भर पावसाचे महिने त्यांच्यासाठी उपासमारीचे असतात. त्याच दिवसांत नवी जागा, नवी पेटी आणि रोज झाकण उघडून बघणारी मुलं असं सगळं एकदम आलं, तर वसाहत पळून जाणारच.

म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. हा क्रम सातेरी माशीसाठी (पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाशीसाठी) आहे आणि महिने सातारा, कोल्हापूर, पुण्याचा पश्चिम भाग व कोकण इथल्या शाळांना धरून दिले आहेत. इतर भागांतल्या शाळांनी महिने आपल्या फुलोऱ्याप्रमाणे बदलावेत.

## १. जून-जुलै: माणसं आणि कागद

या दोन महिन्यांत शाळेत एकही माशी आणायची नाही. आधी माणसं ठरवा.

एक शिक्षक मुख्य आणि एक पर्यायी, असे दोघे लागतात. एकाच शिक्षकावर प्रकल्प उभा केला आणि त्यांची बदली झाली, की पेटी बेवारस होते. दोघांनीही आधी प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावं. महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे जमणार नसेल तर आसपासच्या अनुभवी मधपाळाबरोबर निदान पाच-सहा वेळा पेटी उघडा. व्हिडिओ बघून हात तयार होत नाही. माश्यांनी भरलेली चौकट (पेटीतली पोळं असलेली लाकडी फ्रेम) उचलताना किती जपून धरावी लागते, हे ती हातात आल्याशिवाय कळत नाही.

तिसरा माणूस तितकाच महत्त्वाचा: शाळेच्या जवळ राहणारा, सुट्टीतही पेटीकडे बघू शकेल असा. शिपाई काका, शेजारचे शेतकरी किंवा एखादे पालक. त्यांना आत्ताच विचारा आणि त्यांच्याकडून होकार घ्या.

मुलं आठवी-नववीची असावीत. एका वेळी पेटीपाशी पाच-सहाच. वर्गातल्या सगळ्यांना संधी द्यायची असेल तर गट पाडा आणि पाळ्या लावा.

पालकांचं संमतीपत्र साध्या शब्दांत लिहा. त्यात हे तीन प्रश्न हवेतच:

- मुलाला पूर्वी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली आहे का? तेव्हा काय झालं होतं?
- दम्याचा त्रास किंवा कसली ॲलर्जी आहे का?
- अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

ज्या मुलाला पूर्वी डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले किंवा धाप लागली होती, त्याला पेटीजवळ नेऊ नका. त्याला प्रकल्पातून काढूही नका. फुलोऱ्याची दिनदर्शिका, नोंदवही, हवामानाच्या नोंदी ही कामं त्याच्याकडे द्या. ती कामं कमी महत्त्वाची नाहीत.

तपासा: दोन शिक्षक, एक सुट्टीतला माणूस, सर्व संमतीपत्रं आणि शाळा व्यवस्थापन समितीची मंजुरी. यातलं एक जरी राहिलं असेल तरी पुढे जाऊ नका.

## २. ऑगस्ट-सप्टेंबर: एक किलोमीटरचा नकाशा

सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत जाते. शाळा मध्यभागी धरून एक किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि मुलांना त्या वर्तुळात काय-काय आहे ते नोंदवायला लावा. झाडाचं नाव, अंदाजे संख्या, फुलोऱ्याचा महिना आणि माश्या तिथून काय घेतात: मकरंद, पराग की दोन्ही.

घाटमाथ्यावर आणि कोकणात साधारण असं चित्र दिसेल: पावसाच्या शेवटी सोनकी, कारळा, तीळ, मग तूर, थंडीत शेवगा, मोहरी, बियाण्याला सोडलेली कोथिंबीर, मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ, हिरडा, करंज. नारळ असतील तर ते बारमाही आधार देतात. मक्याच्या तुऱ्यावर माश्या दिसतात त्या परागासाठी, मकरंदासाठी नव्हे. मुलांना हा फरक माशीच्या पायावरून दाखवता येतो. मागच्या पायांवर पिवळ्या-केशरी गोळ्या असतील तर तो पराग.

यादीत सलग तीन-चार आठवडे रिकामे निघाले, तर तो उपासमारीचा काळ म्हणून लाल खूण करा. साखरेचा पाक नेमका तेव्हा लागेल.

याच नकाशात शेतंही घ्या. कोण कधी फवारणी करतं ते विचारा. शेतकऱ्यांना सांगणं एवढंच: पीक फुलावर असताना शक्यतो फवारू नका, फवारायचंच असेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारा आणि आदल्या दिवशी शाळेला कळवा. मुलं स्वतः घरी जाऊन हे सांगतात तेव्हा शेतकरी ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

## ३. सप्टेंबर: जागा

जागा चुकली तर नंतर सुधारणं फार अवघड असतं. माश्यांना आपल्या दाराची जागा पाठ असते. पेटी दहा-पंधरा मीटर सरकवली तरी बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घोटाळतात. हलवायचीच झाली तर रोज फूट-दोन फूट सरकवावी लागते, नाहीतर दोन-तीन किलोमीटर लांब न्यावी लागते. म्हणून आधीच नीट ठरवा.

- दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे. सकाळचं ऊन पडावं, दुपारी सावली असावी.
- दारासमोर सात-आठ मीटर माणसांची वर्दळ नको. तिथून रोजची वाट, मैदान, परिपाठाची जागा, पाण्याची टाकी यांपैकी काहीही नको.
- दारासमोर दोन-तीन मीटरवर माणसाच्या उंचीपेक्षा उंच हिरवं कुंपण किंवा शेडनेट. माश्या उडताना त्यावरून वर जातात आणि डोक्यांच्या उंचीवर येत नाहीत.
- जवळ पाणी: उथळ परातीत दगड-गोटे ठेवून पाणी, म्हणजे माश्या बुडत नाहीत. हे पाणी पेटीच्या आधी महिनाभर सुरू करा, नाहीतर माश्या मुलांच्या नळावर जायला लागतात.
- रात्री दिवा जळणारी खिडकी किंवा व्हरांडा पेटीसमोर नको.

दिव्याची गोष्ट किरकोळ वाटेल. एका शाळेत मी स्वतः पेटी सभागृहाच्या मागच्या खिडकीसमोर ठेवली होती. दुपारी सावली उत्तम होती. पण संध्याकाळी तिथे स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. दिवे लागले की माश्या खिडकीवर यायच्या आणि सकाळी शिपाई काका खाली पडलेल्या माश्या केरसुणीने गोळा करायचे. जागा मी दिवसा बघितली होती, रात्री बघितली नव्हती.

स्टँड गुडघ्याएवढा उंच ठेवा. चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाट्या दर दोन दिवसांनी भरा. पाण्यात पडलेलं एक वाळकं पान मुंग्यांना पूल म्हणून पुरतं. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

थांबा: जागेवर सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन वेळा स्वतः उभं राहून बघा. रविवारी एकदा बघा, सुट्टीत तिथे क्रिकेट चालतं का तेही कळेल.

## ४. सप्टेंबर-ऑक्टोबर: रिकाम्या पेटीवर सराव

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. माझ्या मते सबंध प्रकल्पात हीच सर्वांत महत्त्वाची आहे.

रिकामी पेटी वर्गात आणा. मुलांना ती सुटी करून परत जोडायला लावा: तळपाट, खालचा कप्पा म्हणजे ब्रूड चेंबर, वरचा मधाचा कप्पा म्हणजे सुपर, आतलं झाकण, वरचं छप्पर. खालच्या कप्प्यात राणी आणि पिल्लं, वरच्यात फक्त मध, हे प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

मग चौकटींमधलं अंतर. दोन पोळ्यांमध्ये माशीला चालायला सुमारे ८ मिलिमीटर जागा लागते. त्याहून जास्त ठेवली तर माश्या मध्येच वेडंवाकडं पोळं बांधतात, कमी ठेवली तर वाट बंद होते. मुलांना पट्टीने मोजायला लावा. सातेरीच्या आणि मेलिफेराच्या (परदेशातून आणलेल्या युरोपीय मधमाशीच्या) पेट्यांचं माप वेगळं असतं. सुतार ओळखीचा आहे म्हणून मनाने मापं देऊन पेट्या करून घेऊ नका.

आता हालचालींचा सराव. चौकट दोन्ही कानांना (वरच्या पट्टीच्या टोकांना) धरून सरळ वर उचलायची, कप्प्याच्या वरच राहू द्यायची, दुसरी बाजू बघताना आडवी करायची नाही. ताजं पोळं मऊ असतं. मध भरलेलं पोळं आडवं केलं तर स्वतःच्या वजनाने तुटून खाली पडतं. चौकट आधी उभी फिरवायची, मग उलटायची, मग परत फिरवायची. मुलांकडून हे पन्नास वेळा करून घ्या. चौकटीत ओल्या मातीचा पातळ थर भरून वजन दिलं तर सराव खरा होतो.

माश्या शांत करायला धूर सोडणाऱ्या धुराड्याचा सरावही आत्ताच. इंधन म्हणून वाळलेली शेणी, नारळाची सोडणं किंवा गोणपाटाचे तुकडे. प्लास्टिकच्या गोणीचा तुकडा चुकूनही नको. धूर थंड आणि पांढरा यायला हवा. मनगटावर सोडून बघा. चटका लागला तर वर हिरवं गवत घाला. सातेरीला धूर थोडाच पुरतो. दारात दोन-तीन फुंकर, मग मिनिटभर थांबायचं. जास्त दिला तर माश्या पोळी सोडून सैरावैरा पळतात आणि मग राणी सापडणं कठीण होतं.

शेवटी उभं राहण्याचा सराव. पेटीच्या बाजूला किंवा मागे उभं राहायचं, दारासमोर कधीच नाही. माशी तोंडाजवळ आली तर हात हलवायचा नाही, हळूहळू मागे सरून झाडाच्या सावलीत जायचं. वर्गात एक मुलगा माशी बनतो आणि बाकीचे मागे सरतात, असा खेळ खेळलात तर हे अंगवळणी पडतं.

तपासा: प्रत्येक गटाने तुम्ही एकही सूचना न देता रिकामी पेटी उघडून, पाच चौकटी बघून, त्याच क्रमाने परत लावून दाखवायला हवी. हे जमेपर्यंत वसाहत मागवू नका.

## ५. दिवाळीनंतर: वसाहत आणणे

ऑक्टोबरचा फुलोरा वाया जातो म्हणून काही जण दिवाळीच्या आधीच वसाहत आणतात. नव्या जागेतल्या वसाहतीला पहिले पंधरा दिवस लक्ष लागतं आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद असते. म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणा.

कोणती माशी? आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत. त्यांची पोळी शाळेच्या आवारात असतील तर ती लांबून बघण्यासाठी ठेवा. मेलिफेरा मध जास्त देते, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे हलवाव्या लागतात, नाहीतर भरपूर साखर द्यावी लागते. एका जागी राहणाऱ्या शाळेच्या पेटीला सातेरी योग्य.

झाडाच्या ढोलीतली वसाहत काढून पेटीत भरण्याचा प्रयत्न मुलांबरोबर करू नका. ते अनुभवी हाताचं काम आहे. ओळखीच्या मधपाळाकडून बसलेली वसाहत घ्या आणि एक नको, दोन घ्या. एकीतली राणी मेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन ती वाचवता येते. शिवाय तुलना करता आल्यामुळे मुलं खूप लवकर शिकतात.

घेताना हे बघा: निदान चार-पाच चौकटी माश्यांनी झाकलेल्या, अंडी-अळ्या-कोष तिन्ही अवस्था हजर, राणी त्याच वर्षीची, पोळी काळीकुट्ट झालेली नाहीत.

पेटी संध्याकाळी अंधार पडल्यावर हलवायची. दाराला जाळी लावायची, ओला फडका कोंबायचा नाही; हवा कोंडली तर रात्रीत माश्या गुदमरतात. गाडीत चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर ठेवल्या तर ब्रेक लागताना एकमेकींवर आपटत नाहीत. जागेवर पोचल्यावर अर्धा तास शांत राहू द्यायचं, मग जाळी काढायची.

थांबा: पहिले सात दिवस पेटी उघडायची नाही. मुलांनी रोज दहा मिनिटं बाजूला बसून दार बघायचं. मिनिटाला किती माश्या परागाच्या गोळ्या घेऊन आत गेल्या, एवढीच नोंद. पराग आत जातो आहे याचा अर्थ बहुतेक वेळा आत पिल्लं वाढत आहेत.

## ६. पेटी उघडण्याचा दिवस

दर दहा-बारा दिवसांनी एकदा, त्याहून जास्त नाही. पाहुणे आले, अधिकारी आले म्हणून पेटी उघडून दाखवू नका. त्यांना दार दाखवा, नोंदवही दाखवा.

वेळ सकाळी नऊ ते अकराची. ऊन असावं, वारा नसावा. ढगाळ किंवा पावसाळी दिवशी सगळ्या माश्या घरात असतात आणि चिडतात. मुलांचे कपडे फिके, पूर्ण बाह्यांचे, पायघोळाची टोकं मोज्यांत खोचलेली, डोक्यावर जाळी. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल, गजरा नको. डब्यातलं केळंही पेटी बघून झाल्यावर. माशी डंख मारते तेव्हा सुटणारा धोक्याचा गंध पिकलेल्या केळ्यासारखा असतो.

क्रम:

1. बाजूने येऊन दारात धूर, मिनिटभर थांबणे.
2. छप्पर काढून जमिनीवर उलटं ठेवणे, आतलं झाकण पटाशीने हलक्या हाताने सोडवणे.
3. कडेची चौकट आधी काढणे आणि पेटीला टेकवून उभी ठेवणे. मोकळी जागा झाल्यामुळे पुढच्या चौकटी माश्या न चिरडता सरकवता येतात. मधलीच चौकट आधी ओढली तर राणी चिरडण्याची भीती असते.
4. प्रत्येक चौकट सूर्याकडे पाठ करून बघणे, म्हणजे खांद्यावरून ऊन थेट घरांच्या तळाशी पडतं.
5. त्याच क्रमाने, त्याच तोंडाने परत लावणे.

सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं पाहिजे. एक मुलगा घड्याळ धरतो, एक लिहितो, एक धुराडं सांभाळतो, दोघं चौकटी बघतात.

आता काय बघायचं? राणी शोधत बसू नका. निम्मा वेळ त्यात जातो. अंडी शोधा. षटकोनी घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी, दोऱ्याच्या तुकड्यासारखी काडी दिसते. पहिल्या दिवशी ती उभी असते, मग कलते आणि तिसऱ्या दिवशी तळाला आडवी होते. एकदा मुलाच्या डोळ्याला ती सापडली की तो त्या दिवशी बाकी काही बघत नाही, आणि त्याला बघू द्यावं. उभी अंडी दिसली म्हणजे कालपर्यंत राणी पेटीत होती.

इथून पुढे गणित मुलांनी करायचं. अंडं ३ दिवस, अळी साधारण ५ दिवस, मग घरावर झाकण पडतं. कामकरी माशी सुमारे २० दिवसांत बाहेर येते, राणी १५-१६ दिवसांत. मग फक्त झाकलेले कोष दिसले आणि अंडी-अळ्या एकही नसतील, तर राणीने किमान ८ दिवस अंडी घातलेली नाहीत. लगेच दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट माश्या झटकून द्या. माश्या तिच्यातून नवी राणी वाढवतील. उशीर केला तर कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात: एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली. सातेरीत ही वेळ लवकर येते आणि मग वसाहत सावरणं फार कठीण.

आणखी एक गोष्ट मुलांना हमखास घाबरवते. नर माशीच्या फुगीर झाकणावर मधोमध टाचणीने टोचल्यासारखं छिद्र असतं. तो रोग नाही, सातेरीचं ते लक्षणच आहे.

रोग कसा दिसतो? अळी घरात ताणून पडलेली, डोक्याकडचं टोक होडीच्या नाळेसारखं वर आलेलं, चिमट्याने उचलली तर पाण्याची पिशवी हातात येते: हा थाई सॅकब्रूड. विषाणूचा रोग आहे, प्रतिजैविकं देऊन उपयोग नाही. त्या पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत देऊ नका, हत्यारं धुऊन-तापवून घ्या आणि मधपाळाला बोलवा.

## ७. डंख बसला तर

बसणारच. म्हणून क्रम पाठ करून घ्या.

मुलाला पेटीपासून वीस-तीस पावलं दूर न्या. काटा नखाने खरवडून लगेच काढा. जितका वेळ तो राहतो तितकं विष आत जातं. जागा साबणाने धुवा, बर्फ किंवा थंड पाण्याचा फडका ठेवा. पुढचा अर्धा तास मुलाला एकटं सोडू नका.

डंखाच्या जागी सूज आणि खाज हे साधं आहे. अंगभर गांधी, ओठ-जीभ-गळ्याला सूज, धाप, उलटी, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, मुलाला आडवं झोपवा. धाप लागत असेल तर टेकवून बसवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनॅलीनचं इंजेक्शन उपलब्ध आहे का, हे वसाहत आणण्याआधीच विचारून ठेवा. पूर्वी डंखाने काही झालं नव्हतं म्हणून या वेळीही होणार नाही, असं धरू नका.

## ८. पाक, मेणकिडा आणि पळून जाण्याच्या खुणा

पाक फक्त नकाशातल्या लाल आठवड्यांत. एक किलो साखरेला एक लिटर पाणी. पाणी उकळून उतरवा, मग साखर विरघळवा; साखर आचेवर जाळू नका. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. दुकानातला मधही नको, त्यातून रोग येतो. संध्याकाळी, पेटीच्या आत, वर काड्या टाकलेल्या भांड्यात, रात्रीत संपेल एवढाच, साधारण पाव लिटर द्या. बाहेर थेंब सांडले तर दुसऱ्या दिवशी इतर वसाहतींच्या माश्यांची लूटमार सुरू होते आणि त्यात दुबळी पेटी संपते.

तळपाट दर आठवड्याला झाडा. सातेरी जुनं पोळं कुरतडून भुगा खाली टाकते आणि त्या भुग्यात मेणकिडा (पोळी पोखरणारी पतंगाची अळी) वाढतो. माश्यांनी न झाकलेली पोळी पेटीत ठेवू नका. जेवढ्या माश्या तेवढ्याच चौकटी, पलीकडे डमी फळी, म्हणजे उरलेली जागा बंद करणारी साधी फळी. हा एक नियम पाळला तरी निम्मा त्रास टळतो.

पळून जाण्याआधी वसाहत सांगत असते: पराग येणं थांबतं, अंडी कमी होत जातात, मधाचा साठा संपतो, पोळी हलकी लागतात. नोंदवही रोज लिहिली असेल तर हे आठवडाभर आधी दिसतं. दिसताच पाक सुरू करा, दार लहान करा आणि पेटी उघडणं पूर्ण थांबवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये चौकटीच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं दिसली आणि पेटी माश्यांनी भरून वाहत असेल, तर वसाहत फुटायच्या, म्हणजे काही माश्या राणीसह वेगळ्या होऊन जायच्या, तयारीत आहे. जागा वाढवा, किंवा मधपाळाच्या मदतीने तिची दोन भागांत विभागणी करा. मात्र राणी हरवलेल्या पेटीतही राणीघरं दिसतात. ती पोळ्याच्या मधोमध असतात, ती तोडू नका.

## ९. मध

पहिल्या वर्षी मध निघाला नाही तरी चालेल, हे मुलांना आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगा. निघालाच तर सुपरमधूनच काढा, खालच्या कप्प्याला हात लावू नका. चौकटीतली तीन-चतुर्थांश घरं पांढऱ्या मेणाने बंद झालेली असावीत. न झाकलेल्या मधात पाणी जास्त असतं आणि तो आंबतो. खाद्य मानकांप्रमाणे मधात २० टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही. चौकटीला हलका झटका दिला आणि थेंब उडाले, तर परत ठेवा.

झाकणं सुरीने कापून मधयंत्रात फिरवा आणि पोळं परत द्या. पोळं पिळू नका. मध मलमलीतून गाळून कोरड्या काचेच्या बरणीत भरा. घरी न्यायला दिलात तर चिठ्ठीवर लिहा: एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. विक्री करायची असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते; शाळेने त्यात न पडता चाखण्यापुरता मध ठेवावा, असं माझं मत आहे.

एप्रिलअखेर सुपर रिकामा करू नका. पुढे पावसाळा आहे.

## १०. उन्हाळी सुट्टी आणि पुढचा पाऊस

जूनमध्ये ठरवलेला तो तिसरा माणूस आता कामाला येतो. एप्रिलमध्ये त्याला निदान चार वेळा पेटीपाशी उभं करा. त्याच्यासाठी एक पान लिहा आणि भांडारखोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा:

- दर दोन दिवसांनी: मुंग्यांच्या वाट्या, परातीतलं पाणी.
- दर आठवड्याला: दारावर पाच मिनिटं नजर, तळपाट झाडणे.
- मे महिन्यात: दुपारी छपरावर ओलं गोणपाट.
- पेटी उघडू नये. काही वेगळं दिसलं तर दोन शिक्षकांपैकी एकाला फोन.

मे संपायच्या आत शिक्षकांनी एकदा पेटी उघडून रिकाम्या चौकटी काढून घ्याव्यात, छपरावर पत्रा किंवा प्लास्टिकचा कागद बांधावा, दार लहान करावं आणि स्टँडचा उतार तपासावा. काढलेली चांगली पोळी घट्ट बंद डब्यात ठेवा, काळी पोळी वितळवून मेण करा. पाऊस लागून राहिला की पेटीचं वजन आठवड्यातून एकदा मागून उचलून अजमावा. हलकी लागली तर त्याच संध्याकाळी पाक सुरू करा आणि उघाड पडेपर्यंत बंद करू नका.

जूनमध्ये नवी तुकडी येईल आणि माश्या आधीच आवारात असतील. त्यांना पहिले चार महिने भरल्या पेटीचं दारच दाखवा, हात रिकाम्या पेटीवरच बसू द्या. शिकवायला यंदाच्या मुलांना बोलवा.